पाठीमागचा दिवा आणि हातातली स्क्रीन

प्रश्न : मी ४३ वर्षांची आहे, चष्मा लावते आणि फावल्या वेळात गेम खेळते, हे घर सोडून फारसे कुणाला सांगत नाही. जुना हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून गेम खेळायचे यंत्र, आता थकला आहे, म्हणून स्टीम डेक ओलेड घ्यायचे ठरवले आहे. त्याचे ५१२ जीबीचे मॉडेल साध्या चकचकीत काचेचे आहे आणि १ टीबीचे अँटी-ग्लेअर काचेचे, आणि इथेच माझे घोडे अडले आहे. कार्यालयातल्या दोन सहकाऱ्यांकडे ही दोन्ही मॉडेले आहेत. ती टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा चकचकीत स्क्रीन इतकी देखणी दिसली की तिच्यापुढे दुसरी धुरकट वाटली. धाकटा भाऊ मात्र म्हणतो, ‘ताई, चकचकीत घेतलीस तर गेम कमी आणि स्वतःचे तोंड जास्त बघशील.’ मी सकाळी रेल्वेत खिडकीशी बसून खेळते, संध्याकाळी परतताना डब्यातले दिवे लागलेले असतात आणि रात्री झोपण्यापूर्वी तासभर पलंगावर खेळते, तेव्हा शेजारी यांचा वाचनाचा दिवा चालू असतो. मला गुहा, भुयारे, पडके वाडे असले अंधारे गेम आवडतात. कोणती स्क्रीन घ्यावी? वरून स्क्रीनगार्ड लावावा का? आणि या सगळ्याचा डोळ्यांवर काही परिणाम होतो का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या भावाचे म्हणणे निम्मे खरे आहे आणि टेबलावर तुम्ही जे पाहिले तेही निम्मेच खरे आहे. उरलेले निम्मे त्या खोलीच्या छतावरच्या दिव्यांत होते आणि त्यांच्याकडे कुणीच मान वर करून पाहिले नाही. कार्यालयांतून बहुधा छतावर रुंद, पांढरे दिवे असतात. टेबलावर आडवे ठेवलेले यंत्र त्या छताकडेच तोंड करून पडलेले असते. अशा वेळी चकचकीत काचेत दिव्याचे प्रतिबिंब एका ठरावीक जागीच दिसते, आणि पाहणारा माणूस नकळत मान थोडी कलती करून ते प्रतिबिंब स्क्रीनबाहेर घालवतो. मग उरलेली स्क्रीन स्वच्छ, काळीभोर आणि रसरशीत दिसते. मॅट, म्हणजे अँटी-ग्लेअर काचेवर तोच प्रकाश पसरलेला असल्याने मान कितीही कलती केली तरी त्याची पुसटशी साय तेवढीच राहते. म्हणजे तुम्ही दोन स्क्रीन पाहिल्या खऱ्या, पण ज्या स्थितीत एकीला पळवाट होती आणि दुसरीला नव्हती, अशा स्थितीत पाहिल्या. गेम खेळताना यंत्र टेबलावर आडवे नसते. ते हातात, छातीसमोर, थोडे तिरपे धरलेले असते आणि मग त्याच्यासमोर छत नसून तुमचा चेहरा, तुमचे कपडे आणि तुमच्या पाठीमागे जे काही असेल ते असते. माझे सगळे उत्तर या पाठीमागच्या गोष्टीभोवती फिरणार आहे, म्हणून एवढी लांबण लावली.

या दोन्ही मॉडेलांत आतला पॅनेल एकच आहे : ७.४ इंचांचा, १२८० बाय ८०० पिक्सेलचा, ९० हर्ट्झचा (सेकंदाला ९० वेळा चित्र बदलू शकणारा) ओलेड, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणारा. नेहमीच्या चित्रांत त्याची तेजस्विता ६०० निट्सपर्यंत आणि एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा पल्ला वाढवलेल्या चित्रांत, कमाल १००० निट्सपर्यंत असते (निट हे तेजस्वितेचे एकक). फरक केवळ वरच्या काचेच्या पृष्ठभागात आहे. साध्या काचेवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. काचेचा अपवर्तनांक (प्रकाश काचेत किती वाकतो याचे माप) दीडच्या आसपास असल्यामुळे हा हिशेब टळत नाही, काच कितीही भारी असली तरी. उलट, प्रकाश तिरपा पडू लागला की हे प्रमाण वाढते : ६० अंशांच्या कोनात ते जवळजवळ ९ टक्क्यांवर जाते. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, परंतु ट्यूबलाइटच्या नळीची तेजस्विता १० हजार निट्सच्या घरात असते आणि तिचे ४ टक्के म्हणजे ४०० निट्स होतात. तुमच्या गुहेतल्या कोपऱ्याची तेजस्विता असते दोन-चार निट्स. त्या कोपऱ्यावर ४०० निट्सची पांढरी पट्टी येऊन बसली की तिथे दबा धरून बसलेला शत्रू दिसणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको.

अँटी-ग्लेअर काचेचे काम काय, तर तिचा पृष्ठभाग रसायनाने अत्यंत सूक्ष्म खरबरीत केलेला असतो. यालाच एचिंग म्हणतात. अशा पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेने न परतता थोडा थोडा सगळीकडे विखुरतो, त्यामुळे त्या ट्यूबलाइटची धारदार पट्टी मोडून तिथे एक फिकट, रुंद डाग उरतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे आणि जाहिरातींतून ती सहसा कुणी सांगत नाही : परत फिरणारा एकूण प्रकाश एचिंगमुळे फारसा कमी होत नाही, तो फक्त पसरतो. पाणी सांडले आहे ते सांडलेच आहे, फक्त एका जागी डबके न साठता ते फरशीभर ओल होऊन राहिले आहे. कोणाला डबके चालते, कोणाला ओल चालते.

प्रकाश खरोखरच कमी करणारा उपाय वेगळा आहे आणि त्याचे नाव अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंग. अँटी-ग्लेअर आणि अँटी-रिफ्लेक्टिव्ह हे दोन शब्द दुकानदार, पाकिटावरचे मजकूर आणि दुर्दैवाने परीक्षणे लिहिणारेही सर्रास एकाच अर्थाने वापरतात, म्हणून खरेदी करणाऱ्याची फसगत होते. अँटी-रिफ्लेक्टिव्ह काच खरबरीत नसते. तिच्यावर केसापेक्षा काही शे पट पातळ असे लेप चढवलेले असतात. लेपाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना छेद देऊन विझवतात, आणि एकावर एक असे अनेक लेप दिले तर परावर्तन ४ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणता येते. ही युक्ती जुनी आहे. जर्मनीतल्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये भिंगांसाठी असा लेप तयार केला आणि १९३८ मध्ये अमेरिकेत कॅथरीन ब्लॉजेट यांनी काचेवर रेणूंचे एकेक थर चढवून ती जवळजवळ अदृश्य करून दाखवली. तुम्हाला याचा नमुना पाहायला कुठे जायला नको. चष्मा काढा आणि दिव्याखाली तिरपा धरा. भिंगावर हिरवट किंवा जांभळट झाक दिसली तर तो हाच लेप. हँडहेल्डमध्ये असा लेप असलेली यंत्रे आहेत. असुसच्या २०२३ मधल्या आरओजी अ‍ॅलायवर कॉर्निंगची गोरिला ग्लास डीएक्ससी या प्रकारची काच आहे. तिचा पृष्ठभाग गुळगुळीतच असतो, पण तिच्यातले प्रतिबिंब साध्या काचेपेक्षा मंद असते. मात्र त्या यंत्राचा पॅनेल एलसीडी आहे आणि दिवे मालवलेल्या खोलीत एलसीडीचा काळा रंग ओलेडइतका काळा नसतो, तो पॅनेलच्याच पाठीमागे लावलेल्या दिव्यांमुळे करडा दिसतो. तुम्हाला भुयारे आवडतात, तेव्हा केवळ काचेसाठी पॅनेल बदलण्याचा सल्ला मी देणार नाही.

आता नेमका कळीचा मुद्दा. एचिंग केलेली काच लहान आणि प्रखर दिव्यांवर चांगली चालते आणि मोठ्या, पसरट उजेडापुढे तिचे काही चालत नाही. कारण सरळ आहे : लहान दिव्याचे प्रतिबिंब पसरवले की ते फिके पडते, पण जे आधीच पसरलेले आहे ते आणखी पसरवून काय साधणार? उघडे आकाश, पांढरी भिंत आणि तुमच्या अंगातला कपडा हे असे पसरट उजेड आहेत. कपड्याची गोष्ट मी थट्टेने सांगत नाही. खिडकीशी बसलेल्या माणसाच्या छातीवर सहज हजार लक्स (लक्स हे पडणाऱ्या उजेडाचे माप) उजेड पडतो. तेवढ्या उजेडात पांढऱ्या शुभ्र कपड्याची तेजस्विता २५० निट्सच्या आसपास होते आणि तिचे ४ टक्के म्हणजे १० निट्स, हे स्क्रीनच्या खालच्या अर्ध्या भागावर सतत अंथरलेले राहतात. दोन-चार निट्सच्या गुहेवर १० निट्सची चादर! गडद निळा किंवा काळा कपडा असेल तर हाच आकडा एका निटच्याही खाली येतो. सकाळच्या प्रवासात स्क्रीन फिकी वाटली तर काचेला दोष देण्याआधी एकदा गडद रंगाची ओढणी समोर घेऊन पाहा. इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक उपाय दुसरा मला माहीत नाही.

काच कोणती घ्यायची हे ठरवण्यासाठी एक परीक्षा करा. तुमचा मोबाइल बहुतेक चकचकीत काचेचाच असेल. त्याची स्क्रीन बंद करा, म्हणजे तो काळा आरसा होईल. मग नेहमीच्या जागी बसा किंवा आडव्या व्हा, हँडहेल्ड जितक्या अंतरावर आणि जितका तिरपा धरता तितकाच मोबाइल धरा, आणि त्यात काय दिसते ते पाहा. घाई करू नका, अर्धा मिनिट तरी पाहा, कारण पहिल्या क्षणी माणसाला फक्त स्वतःचा चेहरा दिसतो आणि खांद्यामागचा दिवा नंतर लक्षात येतो. हे सकाळच्या गाडीत, संध्याकाळच्या गाडीत आणि रात्री पलंगावर, असे तिन्ही ठिकाणी तीन-चार दिवस करा. आरशात दिव्यांचे ठिपके आणि पट्ट्या दिसत असतील आणि मोबाइल थोडा कलता करूनही त्या हटत नसतील, तर एचिंगची काच तुमच्या कामाची आहे. चार बोटे कलते केल्याने त्या बाहेर जात असतील, तर चकचकीत काच चालेल. हँडहेल्डचा टीव्हीपेक्षा हाच तर मोठा फायदा आहे की तो भिंतीला खिळलेला नसतो. आणि आरशात ठिपका न दिसता नुसता पांढुरका उजेड भरलेला दिसत असेल, तर दोन्ही काचांत डावे-उजवे करण्यात अर्थ नाही. तिथे जागा बदलणे, पडदा ओढणे आणि ओढणी हेच उपाय.

तुमच्या तीन ठिकाणांबद्दल माझा अंदाज सांगतो, परीक्षेत वेगळे दिसले तर परीक्षेचे ऐका. सकाळी खिडकीशी बसल्यावर उजेड पसरट असतो, त्यामुळे तिथे दोन्ही काचा जवळपास सारख्याच हतबल ठरतील. मॅट काच थोडी अधिक धुरकट दिसेल, चकचकीत काचेत चेहरा थोडा अधिक स्पष्ट दिसेल. ऊन थेट स्क्रीनवर पडत असेल तर दोन्हींचा निभाव लागणार नाही, तेव्हा खिडकीपासून एक जागा आत सरका. संध्याकाळचा प्रवास मात्र सर्वस्वी वेगळा आहे. डब्याच्या छतावर दिव्यांची रांग असते, तुम्ही यंत्र मांडीकडे झुकवून धरता आणि त्या रांगेतले एक-दोन दिवे नेमके स्क्रीनमध्ये उतरतात. गाडी हलते तसा हातही हलतो, म्हणून ते जागच्या जागी राहत नाहीत, चित्रावरून सरकत राहतात. स्थिर डागाकडे डोळा काही वेळाने दुर्लक्ष करतो, हलत्या डागाकडे करू शकत नाही. इथे एचिंगची काच आपली किंमत वसूल करते. रात्री तुमच्या यजमानांचा वाचनाचा दिवा डोक्याच्या बाजूला, थोडा मागे असणार. तो लहान आणि प्रखर आहे, म्हणजे तिथेही एचिंगचाच फायदा. दिवा मालवून निव्वळ अंधारात तुम्ही खेळत असता, तर मी डोळे मिटून चकचकीत काच घ्या म्हणालो असतो, कारण अंधारात परावर्तित व्हायला काही नसते आणि एचिंगमुळे अक्षरांच्या कडांना येणारा अगदी थोडा मऊपणा तेवढा उरतो. पण तसे नाही. तेव्हा माझा कौल १ टीबीच्या, म्हणजे अँटी-ग्लेअर मॉडेलच्या बाजूने आहे.

या कौलाला एक किंतु आहे. अँटी-ग्लेअर काच स्वतंत्रपणे मिळत नाही. २०२२ मधल्या पहिल्या स्टीम डेकपासून ती सर्वांत मोठ्या साठवणुकीच्या मॉडेललाच जोडलेली आहे : तेव्हा ६४ आणि २५६ जीबीला साधी काच आणि ५१२ ला एचिंगची, आता ५१२ ला साधी आणि १ टीबीला एचिंगची. म्हणून पुष्कळ जण साठवणूक हवी म्हणून काच घेतात किंवा काच हवी म्हणून साठवणूक घेतात. हिशेब करताना एवढे लक्षात ठेवा की साठवणूक नंतर मायक्रोएसडी कार्डाने वाढवता येते, काच नंतर सहजासहजी बदलता येत नाही. तुम्हाला वाढीव साठवणुकीची गरज नसेल आणि परीक्षेत फक्त संध्याकाळची गाडीच अडचणीची ठरली, तर साधे मॉडेल घेऊन त्यावर मॅट स्क्रीनगार्ड लावणे हाही मार्ग आहे. मॅट फिल्मचा पोत एचिंगपेक्षा बहुधा जाडाभरडा असतो, त्यामुळे पांढऱ्या पार्श्वभूमीवर बारीक चमचमणारे कण दिसतात आणि लहान अक्षरे थोडी फुटतात. पण फिल्म नाही पटली तर सोलून फेकता येते, ही तिची मोठी जमेची बाजू आहे.

स्क्रीनगार्डचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरे झाले, कारण इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. काही वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने एचिंगच्या काचेचा हँडहेल्ड घेतला आणि ओरखडे पडू नयेत म्हणून त्याच दिवशी दुकानातून टेम्पर्ड ग्लास लावून आणली. विक्रेत्याने ती सफाईने लावली, एक बुडबुडा ठेवला नाही. घरी येऊन दिवा लावला तर काचेत माझा चेहरा, मागचे कपाट आणि कपाटावरचे घड्याळ, सगळे लख्ख. झाले असे की गार्डच्या खालचा चिकट थर काचेच्या सूक्ष्म खळग्यांत भरून बसला आणि खरबरीतपणा नाहीसा झाला. वरती उरली ती गार्डची साधी, चकचकीत काच. जादा मोजलेले पैसे मी स्वहस्ते झाकून टाकले होते. अँटी-रिफ्लेक्टिव्ह लेपाच्या काचेचेही असेच आहे : वर साधा गार्ड आला की हवेला भिडणारा पृष्ठभाग गार्डचा होतो आणि तो आपले ४ टक्के परत पाठवतो. तेव्हा अँटी-ग्लेअर मॉडेल घेतले तर गार्ड लावू नका, यंत्र पिशवीत सुटे न टाकता त्याच्या पेटीत ठेवा. उघड्या पिशवीत किल्ल्यांशी घासणे हेच बहुतेक ओरखड्यांचे मूळ असते. कारखान्यातूनच चिकटवून आलेली फिल्म मात्र गार्ड समजून कधी काढू नका. निन्टेन्डो स्विचच्या ओलेड मॉडेलवर अशी फिल्म असते, काच फुटली तर तुकडे उडू नयेत यासाठी ती आहे, आणि वेष्टन समजून ती सोलणारे लोक आहेत.

पुसण्याविषयी थोडे. एचिंगच्या काचेवर बोटांचे ठसे कमी उठून दिसतात, पण एकदा तेल खळग्यांत शिरले की तिथे चकचकीत डाग पडतो आणि कोरड्या कपड्याच्या एका फटकाऱ्यात तो जात नाही. स्वच्छ, कोरडे मायक्रोफायबर कापड घेऊन हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा पुसावे. कागदी रुमाल, साडीचा पदर आणि काचा पुसायचे फवारे यांपासून दूर राहावे. पदरावर धूळ असते आणि धूळ म्हणजे बारीक वाळूच.

डोळ्यांच्या बाबतीत निर्धास्त राहा. प्रतिबिंबामुळे डोळ्यांना कायमची इजा होत नाही, पण ते थकतात, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. स्क्रीन तुमच्या डोळ्यांपासून ३५-४० सेंटिमीटरवर असते, पण तिच्यात दिसणारा छतावरचा दिवा डोळ्याला दोन-अडीच मीटर खोल असल्यासारखा दिसतो, जसा आरशातला माणूस आरशाच्या मागे दिसतो. डोळा नकळत कधी चित्रावर तर कधी दिव्यावर जुळवून घेऊ पाहतो, आणि चाळिशीनंतर ही जुळवाजुळव मंदावलेली असते. एचिंगने दिव्याची आकृतीच मोडून टाकल्यामुळे डोळ्याला धरायला काही उरत नाही, म्हणून अनेकांना मॅट स्क्रीन ‘शांत’ वाटते. परंतु तुमच्या बाबतीत एक प्रतिबिंब असे आहे की जे कोणतीही स्क्रीन घेतली तरी जाणार नाही. डोक्यामागून येणारा वाचनदिव्याचा प्रकाश चष्म्याच्या आतल्या बाजूवर पडतो आणि तिथून थेट डोळ्यांत शिरतो. हे तपासायला सोपे आहे : आज रात्री तो अंधुक पांढरा ठिपका स्क्रीनवर दिसला की चष्म्याच्या दांडीमागे, कानशिलाशी तळहात आडवा धरून पाहा. ठिपका नाहीसा झाला तर तो स्क्रीनवर नव्हताच, भिंगावर होता. मग पुढचा चष्मा बनवताना भिंगाच्या दोन्ही बाजूंना अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंग मागून घ्या आणि तोवर यजमानांना दिवा फूटभर पुढे, पुस्तकाच्या बाजूला सरकवायला सांगा. त्यांनाही अक्षरे अधिक स्पष्ट दिसतील, त्यामुळे ते फारशी कुरकुर करणार नाहीत.